पोटमाळ्यावर चढण्याआधी

"ताई, मी मूळची सांगलीची. सिव्हिलचा डिप्लोमा केला, मिरजेत एका कॉन्ट्रॅक्टरकडे तीन वर्षं साइट सांभाळली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आले. कॉव्हेंट्रीत आम्हाला तीन वर्षं झाली, मी डिपेंडंट व्हिसावर आहे. धाकटा यंदा पूर्ण वेळ शाळेत जायला लागला आणि मला घर खायला उठतं. परवा एक जाहिरात पाहिली: पाच दिवसांत डोमेस्टिक एनर्जी असेसर व्हा, रोज २०० पौंड कमवा. फी १,२०० पौंड, महिनाअखेरपर्यंत सवलत. नवरा म्हणतो, डिप्लोमा करून लोकांच्या पोटमाळ्यावर चढणार का? मला मात्र जावंसं वाटतंय. भीतीही आहे. माझे इंग्रजी उच्चार आपले आहेत, परक्या घरात एकटीने शिरायचं, आणि चार-पाच वर्षांनी पुण्याला परतलो तर हे सगळं वाया जाणार का? पैसे भरू का?"
– एक सांगलीकर, कॉव्हेंट्री

पैसे भर, पण या महिन्यात भरू नकोस. सवलत पुढच्या महिन्यातही असते, हे असेसरचं काम करताना मी गेली बारा-तेरा वर्षं पाहतेय. तोवर तुला दोन-तीन गोष्टी करायच्या आहेत. त्यांना एक पैसाही लागत नाही, आणि त्या केल्यावर हे काम आपलं आहे की नाही ते तुझं तुलाच कळेल.

आधी काम काय आहे ते नीट बघ. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जेचं प्रमाणपत्र लागतं. घर मोजून ते देतो तो असेसर. २००७ पासून ही पद्धत आहे. घराला १ ते १०० असे गुण मिळतात आणि त्यावरून ए ते जी अशी श्रेणी ठरते. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. भाड्याच्या घराला निदान ई श्रेणी हवी, हा नियम नव्या भाडेकरारांना २०१८ पासून आणि चालू करारांना २०२० पासून लागू झाला. भाड्याची घरं २०३० पर्यंत सी श्रेणीला आणावीत असा प्रस्ताव सरकारने २०२५ साली मांडला. म्हणजे काम आहे, आणि एवढ्यात संपणारं नाही.

तरी या धंद्याचा दोर सरकारच्या हातात आहे, हे गाठीला बांधून ठेव. मी शिकले तेव्हा आम्हाला शिकवणारे गृहस्थ आधी 'होम इन्स्पेक्टर' व्हायला निघाले होते. घर विकताना विक्रेत्याने घराच्या स्थितीचा अहवाल दिलाच पाहिजे असा कायदा येणार म्हणून शेकडो लोकांनी पदरचे पैसे घालून ते शिक्षण घेतलं. जुलै २००६ मध्ये सरकारने अहवालाची सक्ती काढून टाकली. पुढे विक्रीची जी कागदपत्रांची फाईल सक्तीची केली होती, तीही मे २०१० मध्ये बंद झाली. टिकली ती फक्त ईपीसी. २०२० च्या सप्टेंबरात घरदुरुस्तीच्या अनुदानाची व्हाउचर योजना आली, तेव्हा सगळे असेसर धावपळीत होते. मार्च २०२१ अखेर ती गुंडाळली. म्हणून योजनेच्या लाटेवर हिशोब मांडू नकोस. विक्री आणि भाडं हाच या कामाचा कायमचा पाया आहे, आणि तुझं गणित त्यावरच बसायला हवं.

आता त्या पाच दिवसांबद्दल. जाहिरात खोटी नाही, अर्धी आहे. वर्गातलं शिक्षण खरंच तीन ते पाच दिवसांत उरकतं. त्यानंतर साधारण पाच घरांची मोजणी करून, फोटो, नोंदी, नकाशा असं सगळं लावून तपासायला द्यावं लागतं. ते परत येतं, दुरुस्त करावं लागतं, पुन्हा द्यावं लागतं. कोर्सचं (लेव्हल ३ चं) प्रमाणपत्र हातात पडलं तरी लगेच काम करता येत नाही. एल्महर्स्ट, स्ट्रोमा, क्विडॉस अशा सरकारमान्य संस्थांपैकी एकीचं सभासद व्हावं लागतं. त्यासाठी डीबीएसची, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची पडताळणी आणि व्यावसायिक चुकीचा विमा लागतो. मग दर प्रमाणपत्रामागे नोंदणीची फी, दर वर्षी १० तासांचं उजळणी-शिक्षण, आणि वर्षभर ऑडिट. तू पाठवलेल्या प्रमाणपत्रांतली काही ते उचलतात आणि म्हणतात, फोटो दाखव, नोंदी दाखव. मुलं, घर सांभाळून तुला यात चार-पाच महिने जातील, असं धरून चाल.

फी भरण्याआधी त्या संस्थेला हे लेखी विचार: या प्रमाणपत्राची ऑफक्वालकडे, म्हणजे इथल्या परीक्षांच्या नियामकाकडे नोंद आहे का? पाच घरांची तपासणी फीमध्ये आहे की वेगळी? परत आलेलं घर पुन्हा तपासायचे वेगळे पैसे पडतात का? तपासणारा माणूस फोनवर भेटतो का? आणि "कामाची हमी" असं कुठे लिहिलं असेल तर ती हमी कोण देतंय, कशाची देतंय, हे विचार. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघ.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. तू गाडी चालवतेस का? शिडी, टॉर्च, लेझर मीटर घेऊन बसने दिवसाला तीन घरं होत नाहीत. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं. तुझी तीन वर्षं झाली. इथलं लायसन्स नसेल तर पहिले पैसे तिकडे घाल. परीक्षेच्या तारखा लांबच्या मिळतात, त्यामुळे कोर्सच्या आधी अर्ज तिकडे गेला पाहिजे.

आता ज्या कारणासाठी मी तुला "कर" म्हणतेय त्याकडे येते.

डिप्लोमाला असताना तू विटा रचायच्या इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँडच्या आकृत्या काढल्या असशील. आपल्याकडे त्या परीक्षेपुरत्याच राहतात, कारण भिंतीवर गिलावा चढतो आणि विटा कुणाला दिसत नाहीत. इथे त्या विटा उघड्या आहेत, रस्त्यारस्त्यावर. भिंतीत विटांच्या फक्त लांब बाजू दिसत असतील तर बहुधा दोन पापुद्र्यांची भिंत, मध्ये पोकळी. लांब वीट, मग विटेचं तोंड, पुन्हा लांब वीट असं दिसलं तर ती भरीव, एका विटेची जाड भिंत. तिच्यातून उष्णता बाहेर पळते. पोकळी असेल तर ती भरलीय का ते बघायचं: सांध्यांमध्ये ठरावीक अंतरावर ड्रिल मारून बुजवलेली भोकं दिसतात, करंगळीपेक्षा थोडी जाड. दुपारचं तिरकं ऊन भिंतीवर असेल तर ती पटकन सापडतात. या एका गोष्टीवर घराची श्रेणी एका पायरीने वरखाली होऊ शकते. माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना 'हेडर' (विटेचं तोंड) आणि 'स्ट्रेचर' (लांब बाजू) हे शब्द नवे होते. तुला ते वीस वर्षांची असताना माहीत होते.

आणि जिथे विटा दिसत नाहीत तिथे टेप. हे मी चूक करून शिकले. माझा पहिलाच हिवाळा, १९३० च्या आसपासचं जोडघर, बाहेरून रेंडर केलेलं, म्हणजे गिलावा चढवलेलं. रस्त्यावरची बाकीची घरं पोकळ भिंतीची दिसत होती, अंधार पडत आला होता, मी तेच लिहून मोकळी झाले. नेमकं ते घर ऑडिटला लागलं. भिंतीच्या जाडीचा फोटो कुठाय? नव्हता. परत गेले, दाराच्या चौकटीशी टेप लावला, २४० मिलिमीटर. म्हणजे २१५ ची वीट आणि वर प्लास्टर. पोकळ भिंतीची जाडी २७० च्या आसपास तरी निघायला हवी. डी श्रेणी होती ती ई झाली. त्या घराच्या आजींनी मला चहा दिला, मी त्यांची माफी मागितली आणि नवं प्रमाणपत्र माझ्या खर्चाने दिलं. आता दाराशी उभी राहिले की हात आधी टेपकडे जातो.

तुझ्या कॉव्हेंट्रीत तर शिकायला फार आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मधला भाग बेचिराख झाला. युद्धानंतर घाईने घरं उभी करायची होती, त्या काळात देशभर वाळूविना ओतलेल्या, 'नो-फाइन्स' काँक्रीटच्या भिंतींची घरं बांधली गेली. बाहेरून रेंडर, आत पोकळी नाही. टकटक केलं तर आवाज वेगळा, टेप लावला तर जाडी वेगळी. असेसरच्या यादीत त्यांचा प्रकारच वेगळा. विटांच्या सवयीने पाहणारा तिथे हमखास चुकतो. काँक्रीट ओतताना उभं राहिलेल्या बाईला नो-फाइन्स म्हणजे काय ते समजवावं लागत नाही.

घराचं वयही तुलाच ठरवावं लागतं. १९३० ते ४९, १९५० ते ६६, १९६७ ते ७५, १९७६ ते ८२ असे काळाचे पट्टे ठरलेले आहेत, कारण बांधकामाचे नियम त्या-त्या सुमारास बदलत गेले. जे दिसत नाही, उदाहरणार्थ फरशीखाली काय आहे, ते संगणक या वयावरून धरून चालतो. आपण फोडायचं नाही, खणायचं नाही. जे डोळ्याला दिसतं आणि ज्याचा कागद आहे तेवढंच लिहायचं. "आम्ही भिंतीत फोम भरून घेतलाय हो" असं घरमालक सांगेल. खरंही असेल. भोकं दिसत नसतील तर हमीपत्र माग. ते बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये, बॉयलरच्या पावत्यांखाली असतं. दहा मिनिटं शोधू दे त्यांना, तेवढा वेळ थांब.

पोटमाळ्यावर चढायचंच आहे, नवऱ्याला तसं सांग. झाकण वर ढकलायचं, टॉर्च लावायचा, तुळयांच्या मधल्या उष्णतारोधक लोकरीत टेप उभा खुपसायचा आणि फोटो काढायचा. १०० मिलिमीटर आहे की आज सुचवतात तशी २७०, हे खालून कुणालाच कळत नाही. मग बॉयलरची पाटी, गरम पाण्याच्या टाकीवरचं आवरण, रेडिएटरचे व्हॉल्व्ह, खोलीतला थर्मोस्टॅट, उघड्या फायरप्लेस किती, दिवे कुठले. जून २०२५ पासून मोजणीची नवी पद्धत आली. तिच्यात खिडक्याही एकेक करून मोजायच्या असतात. त्यामुळे पूर्वी पाऊण तासात होणारं तीन खोल्यांचं घर आता तास घेतं, आणि घरी येऊन संगणकावर आणखी वेळ जातो.

या कामाची सगळ्यात कठीण बाजू शिडीवर नसते. ती मोजणी झाल्यावर येते. माझ्याकडे एका घरमालकाचं घर होतं, गुण आले ३७. ई श्रेणी ३९ ला सुरू होते. "दोनच गुणांचा प्रश्न आहे, बघा ना काही," म्हणाले. एजंटचाही फोन आला: पुढची दहा घरं तुमचीच. तेव्हा माझ्याकडे आठवड्याला चार घरं होती, त्यामुळे तो फोन मला अजून आठवतो. मी नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवला नाही. संगणकावर बदल करून बघितले आणि सांगितलं की टाकीला ८० मिलिमीटरचं जॅकेट घाला, पोटमाळ्यावरची लोकर पुरेशी करा, पिवळे दिवे काढून एलईडी लावा. महिन्याभराने त्यांनी ते केलं, मी पुन्हा मोजलं, घर ई मध्ये गेलं. एजंटने पुन्हा काम दिलं नाही. पण हिवाळ्यात त्या घरात राहायला येणारं माणूस बहुधा आपल्यासारखंच नवं आलेलं, गॅसच्या मीटरकडे बघत हीटर लावणारं असतं. त्याच्यासाठी ते दोन गुण खरे असायला हवेत. मला या कामात जे आवडतं ते हेच आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. मध्यस्थ कंपन्यांकडून घर आलं तर माझ्या भागात असेसरच्या हातात ३५ ते ४० पौंड पडतात. स्वतःचं गिऱ्हाईक असेल तर ६० ते ८०. शाळेच्या वेळात, सव्वानऊ ते तीन, तुझी दोन घरं नीट होतील, जवळजवळ असतील तर तीन. त्यातून पेट्रोल, सभासदत्व, विमा, नोंदणीची फी वजा कर. रोज २०० पौंड तेव्हाच, जेव्हा पाच घरं एकाच पिनकोडात मिळतात आणि संध्याकाळी संगणकाचं काम दुसरं कुणी करतं. पहिले सहा महिने मला आठवड्याला तीन-चार घरं मिळाली. त्यानंतर छोट्या लेटिंग एजंटांच्या दुकानांत स्वतः जाऊन कार्ड ठेवलं, फोन उचलला, सांगितलेल्या वेळेला पोचले, आणि काम वाढत गेलं. पहिल्या वर्षी घर चालवण्याइतकं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. कोर्सचे, शिडीचे, विम्याचे पैसे निघून वर काही उरलं तर वर्ष चांगलं गेलं असं समज.

व्हिसाचं: स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाच्या डिपेंडंटला स्वतःचा व्यवसाय करता येतो, म्हणून तुझी वाट मोकळी आहे. पण हे वाचणाऱ्या ज्या स्वतः विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांना स्वतंत्र व्यवसायाची परवानगी नाही. त्यांनी तुझी नक्कल करू नये. करवर्षात धंद्याची जमा १,००० पौंडांच्या वर गेली की ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे नाव नोंदव.

इंग्रजीची भीती मला तुझ्याइतकीच होती. दारात उभं राहून बोलायची चार वाक्यं असतात, ती आठवड्यात तोंडात बसतात. अवघड असतात ते घराचे शब्द: जॉइस्ट, ईव्ह्ज, लिंटेल, सॅश, एअरिंग कबर्ड. ते भिंतीकडे बघत पाठ कर. एकटीने जाण्याबद्दल मात्र भीड ठेवू नकोस. पत्ता आणि वेळ नवऱ्याच्या फोनवर आधी गेली पाहिजे, लोकेशन चालू, आणि दार उघडणारा माणूस बघून मन कचरलं तर "मीटर गाडीत राहिलं" म्हणून बाहेर ये आणि निघून जा. मी दोनदा आलेय. कुणी काही विचारलं नाही.

पुण्याचं. इथलं प्रमाणपत्र तिथे चालणार नाही. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी ऑडिटरची परीक्षा चार पेपरांची आहे. तिचा कल कारखाने आणि मोठ्या इमारतींकडे आहे, आणि शिक्षणाबरोबर ऊर्जेच्या कामाचा अनुभवही मागतात. घरांसाठी २०१८ पासून इको निवास संहिता आहे, पण घर विकताना कुणी प्रमाणपत्र मागतंय असं चित्र नाही. तिथे प्रश्नही उलटा, उष्णता आत ठेवायची नाही, बाहेर अडवायची. कागद वाया जाईल. पश्चिमेची भिंत, स्लॅब आणि काचा यांच्याकडे बघायची जी सवय लागेल ती तुझ्याबरोबर येईल, आणि बांधकामाच्या धंद्यात परत शिरायला ती पुरते. इथेच राहिलात तर मात्र पुढचा जिना आहे: रेट्रोफिट असेसर, मग कोऑर्डिनेटर. जुनी घरं उबदार करण्याच्या कामाची पास २०३५ नावाची नियमावली आहे, त्यात ही माणसं लागतात. असेसरचं प्रमाणपत्र ही त्या जिन्याची पहिली पायरी.

नवऱ्यावर रागावू नकोस. तो बहुतेक तुला चांगलं काही मिळावं म्हणूनच बोलला असेल, पण त्याने असेसर काम करताना पाहिलेला नाही. तूही पाहिलेला नाहीस. म्हणून आता या शनिवारचं काम.

तुमचं घर भाड्याचं आहे असं धरते. तुम्ही राहायला आलात तेव्हा एजंटने त्याची ईपीसी दिली असणार. सापडत नसेल तर सरकारच्या नोंदवहीत पिनकोड टाक, ती सगळ्यांना फुकट दिसते. तिच्यावर भिंत, छप्पर, खिडक्या, बॉयलर यांच्यापुढे काय लिहिलंय ते वाच, आणि कुठे "असं धरलं आहे" असा शेरा आहे ते बघ. मग टेप घे. पुढची भिंत बघ, विटा कशा बसवल्यात ते वहीत काढ. दाराशी जाडी माप. भोकं शोध. पोटमाळ्यात फक्त झाकणातून डोकं घालून लोकर माप, आत पाय ठेवू नकोस, तुळयांच्या मध्ये पाय पडला तर खालच्या खोलीचं छत फुटतं. शिडी धरायला नवऱ्याला उभं कर. मग ज्या असेसरने ते प्रमाणपत्र दिलंय त्याचा नंबर त्यावरच असतो. त्याला फोन करून विचार, एक दिवस तुमच्याबरोबर फिरू का, शिडी मी उचलेन. तो नाही म्हणाला तर त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घराचं प्रमाणपत्र उघड आणि दुसऱ्याला विचार. मला तिसऱ्याने हो म्हटलं होतं.

तुझ्या भिंतीची जाडी आणि विटांची आकृती मला पाठव. कागदावर लिहिलेलं आणि तू मोजलेलं जुळत नसेल तर तेही कळव, आपण दोघी मिळून बघू कोण चुकलंय.